फ्लॉपी आडवी न्यावी

गुरुवार, १८ सप्टेंबर १९९७
आला एकदाचा! महाप्याच्या कुठल्याशा कंपनीने जुना झाला म्हणून शाळेला दिला. सगळे ‘कॉम्प्युटर’ म्हणतात. मी संगणकच म्हणणार. पडदा चौदा इंची म्हणे. फूटपट्टी लावली — तेरा इंच दोन सूत. लोक मोजत नाहीत, हीच तर रड आहे.

मोठ्या बाई म्हणाल्या, “सहामाहीचा मराठीचा पेपर जो यावर काढील, तो संगणकप्रमुख.” सगळ्यांनी नंदिनीबाईंकडे पाहिलं. नोकरीला दोन वर्षं, पण सर्टिफिकेट आहे. माझ्याकडे नाही! डी.एड. सोडलं तर मॅट्रिकनंतर मी कोणापुढे शिकायला बसलेलो नाही. टायपिंग, पेटी, घड्याळं उघडणं — सगळं आपलं आपण.

रविवार, २१ सप्टेंबर
पुठ्ठ्यावर कळफलक आखला. एकशे एक कळा, मापात. दिवसभर सराव. शालन म्हणाली, “अहो, बोटं आपटता ते ठीक, पण तोंडाने टक-टक कशाला?”

सराव पूर्ण हवा!

शुक्रवार, ३ ऑक्टोबर
पेपर झाला. नऊ दिवस, शाळा सुटल्यावर. ‘अर्थपूर्ण’मधला पहिला रफार जागेवर बसायला पाऊण तास. पण चूक एक नाही. नंदिनीबाई दोनदा डोकावल्या — “काही लागलं तर सांगा, सर.” काही लागलं नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर
शाळेत प्रिंटर नाही. फ्लॉपी खिशात घालून बसने तुर्भ्याला, जयप्रकाशच्या प्रेसमध्ये. प्रूफ हातात आलं — नुसती एबीसीडी, तीही टोप्या घातलेली! जयप्रकाश म्हणतो, “सर, पेपर मराठीचाच ना? का पोर्तुगीज चालू केलं?”

घरी येऊन विचार केला. बस. ते खड्डे. अक्षरं हलली!!

मंगळवार, ७ ऑक्टोबर
नवी फ्लॉपी. शालनच्या डब्यात, खालीवर कापूस. रिक्षा केली, डबा मांडीवर आडवा धरला. हळू चालव म्हटलं तर रिक्षावाला — “काय काका, अंडी हायेत काय?”

तरी टोप्या! पुलाच्या चढावर कलली असणार.

बुधवार, ८ ऑक्टोबर
उद्या पेपर. शेवटी स्टेन्सिल घेतली आणि तीन तासांत हाताने लिहून काढली — एकोणीस वर्षं लिहितोय तशी. सायक्लोस्टाइलवर दोनशे चाळीस प्रती. वेळेत!

मग मिटिंगमध्ये अक्षरं का हलतात याची कारणमीमांसा केली. माना डोलल्या. मोठ्या बाईंनी फलकावर लगेच सूचना लिहायला सांगितली: ‘फ्लॉपी आडवी न्यावी.’ आणि संगणकप्रमुख — मी! घरी शिरा झाला.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
पेपर सुटल्यावर नंदिनीबाईंनी जिन्यात गाठलं. आजूबाजूला कोणी नाही बघून म्हणाल्या, “सर, काल सगळ्यांसमोर बोलले नाही. फ्लॉपीत अक्षरं नसतातच. नुसते नंबर असतात. त्यांना मराठी वळण देणारा फाँट प्रेसवाल्याकडे नाहीये, एवढंच. तो नेला असता तर तुमचा पेपर जसाच्या तसा आला असता. कुठे हलत नाही काही.”

कोणाला सांगणार नाही म्हणाल्या.

वळण! एकोणीस वर्षं पोरांच्या मागे लागतोय — वळण, वळण. आणि मी डब्यात कापूस भरत होतो. जेवण गेलं नाही.

शुक्रवार, १० ऑक्टोबर
शाळा भरायच्या आधी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. मग फलकावरची सूचना पुसून नवी लिहिली:

‘संगणकप्रमुख — नंदिनीबाई. शिक्षकांचा वर्ग सोमवारपासून. विद्यार्थी क्र. १ — हौसेराव शिंगटे.’

वळण बरं आलंय.