पाशाची डोलखुर्ची

त्रिपोली, मंगळवार, प्रार्थनेनंतर

वडीलधाऱ्या मेहिटबेलवन्संना केझियाचा आदरपूर्वक नमस्कार. प्रभुकृपेने आम्ही खुशाल आहोत (ह्यांचं नाक सोडून, ते पुढे येईलच). तिकडे घरी न्यूबरीपोर्टला आपला खोकला, सासूबाईंचे गुडघे आणि आमची तपकिरी गाय कशी आहेत ते कळवावं. आपले कॅप्टनसाहेब खारे मासे घेऊन इकडच्या समुद्रात यायचे आहेत, म्हणून त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करते.

वन्सं, इथे ईदला प्रत्येक देशाच्या कॉन्सलने, म्हणजे अमेरिकेतर्फे आमच्या ह्यांनीही, पाशाला नजराणा द्यायचा, आणि एकदा दिलेली वस्तू मग दरवर्षी द्यायची. डेन्मार्कच्या एका कॉन्सलीणबाईंनी कधीकाळी शेजारधर्म म्हणून चीजचा गड्डा पाठवला. बाई वारल्या, डेन्मार्क अजून चीज पाठवतंय. यंदा ईद आली तरी आपल्या सरकारचं नजराण्याचं जहाज काही आलं नाही. नजराणा नाही म्हणजे पाशा आपल्या झेंड्याची काठी तोडणार, आणि काठी तुटली की लढाई. दिसेल ते अमेरिकन गलबत धरून खलाशी तुरुंगात. पाशाचा दिवाण नजराण्याजोगं काही मिळतं का म्हणून घर न्याहाळायला आला तो थेट माझ्या चांदीच्या किटलीकडे बघत. एवढी चांगली वस्तू कशाला घालवा, म्हणून मी त्याला करकरणारी डोलखुर्ची दाखवली. (ती नाहीतरी सुताराकडे टाकायची होती. देवाने दिलेली अक्कल वापरायला नको का?) दिवाण बसला तो संध्याकाळच्या नमाजापर्यंत उठेना.

ईदच्या दरबारात पाशा तिच्यातच बसला. तिथे कॉन्सलने वाकून पाशाच्या हाताचं चुंबन घ्यायचं असतं. आमचे हे वाकले की हात मागे जाई, हे पुढे सरकले की तोच हात अंगठ्यांसकट नाकावर येई. स्पेनच्या कॉन्सलचा केसांचा टोप तर अंगठीत अडकून पाशाबरोबर झोके घेत राहिला. घरी आल्यावर नाकाला ओलं फडकं लावून हे एवढंच म्हणाले, "केझिया, किटली जागची हलत नाही गं."

दुसऱ्या दिवशी दिवाण पुन्हा हजर. आता दर ईदला एक खुर्ची, आणि पाशाच्या आईसाहेबांना मात्र आत्ताच हवी, झाडावरची ऑलिव्हं उतरायच्या आत, नाहीतर झेंड्याची काठी तुटलीच. मी म्हटलं, ती एकदाच द्यायची होती. तो हसून म्हणाला, "बाईसाहेब, डेन्मार्कवालेही असंच म्हणायचे." इथल्या सुताराकडून एक करून घेतली. दिवाणाने बसून पाहिली, आणि तो मागच्या मागे असा गेला की नुसते जोडे दिसले.

घरात सर्वांना यथायोग्य.

आपली,
केझिया

ता. क. डोलखुर्च्या जोडीच्या होत्या. दुसरी आपल्याकडे आहे. ती कॅप्टनसाहेबांच्याच गलबतावर पाठवावी, म्हणजे ते सुखरूप परतही येतील.

ता. क. तिच्यात सासूबाई बसलेल्या असतात हे ठाऊक आहे. त्या चर्चला गेल्या की उचलावी.

ता. क. हे म्हणतात, आई खुर्चीबरोबर यायचा हट्ट धरेल. वन्सं, हात जोडते, येऊ देऊ नका. त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण पाशाच्या आईसाहेबांना त्या आवडल्या, तर दरवर्षी एक सासू मी आणायची कुठून?