पांढरा अंगरखा पेटीतच राहू द्या

तीर्थरूप बाबांना ओकबुनचा वाकून नमस्कार.

मी सेऊलमध्ये सुखरूप आहे. धोबीघरातलं काम बरं चाललंय, दोन वेळा गरम भात मिळतो. तुमचा खोकला कसा आहे? यंदा मुळ्याची किमची कोणी घातली, काकूनं का?

मी माझा पांढरा सदरा राखाडी रंगवून घेतला. शहरात हल्ली असंच घालतात. हसू नका.

बाबा, आईचा दुखवटा तुम्ही पाळताय हे मला ठाऊक आहे. पण इथल्या बाजाराला येताना पांढरं घालू नका. सरकारनं पांढऱ्या कपड्यांवर बंदी घातलीय, आणि वेशीवर सरकारी माणसं काळ्या शाईच्या पिचकाऱ्या घेऊन उभी असतात. काल एका आजोबांना मी ओरडून सांगितलं, "मागे फिरा!"

ते म्हणाले, "बायको गेलीय गं माझी, दुखवट्याचे कपडे आहेत हे. मला कोण काय करतंय!"

तेवढ्यात त्यांच्या छातीवरून शाई ओघळायला लागली. ते मागे वळून निघाले, तेव्हा पाठमोरे अगदी तुमच्यासारखे दिसत होते.

आईनं शिवलेला शेवटचा अंगरखा घालून येऊ नका, एवढं ऐकाच. शाई निघत नाही, बाबा. मी राखेच्या पाण्यात तीनदा उकळून पाहिलं, मगच माझा सदरा रंगवला.

तुमची,
ओकबुन