एकच मागणं

सोमवार, बारा तारीख

प्रिय भावजयबाईंना,
तुझ्या खाष्ट नणंदेचा प्रभूमध्ये सलाम.

आम्ही सगळे बरे आहोत. तू कशी आहेस हे विचारत नाही, कारण तू "ठीक" म्हणणार आणि तुझं ते "ठीक" मला आता पुरतं कळायला लागलंय. पत्र तुझ्या नवऱ्याच्या हाती पाठवतेय. फोन करता आला असता, पण फोनवर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू "नको" म्हणतेस. कागदावर तुला मध्येच तोडता येणार नाही.

आधी घरची खबर. दवाखान्यात भरती व्हायला निघालीस तेव्हा मला बजावलं होतंस, "ताई, मुलींचं शाळेचं वर्ष शांतपणे सुरू होऊ दे, घडी विस्कटू देऊ नका." सगळी नोकरी वसतिगृहात पोरींना उठवण्यात गेलेल्या मेट्रनला घडी म्हणजे काय ते तू शिकवतेस, कमाल आहे! पहिल्या आठवड्यात इथे नुसता धुमाकूळ होता. एकीचा मोजा सापडत नाही, दुसरीची वेणी अर्धीच, आणि तुझा नवरा तोंडाला साबण लावून किल्ल्या शोधतोय. मी एकेकाला वठणीवर आणलं. आता गणवेश आदल्या दिवशीच खुर्चीवर, दप्तरं दाराशी, मोजे बुटांत कोंबलेले. न्याहारीला आरडाओरडा नाही. निघण्याआधी सगळ्यांनी हात धरून आशीर्वाद मागायचा आणि मगच बूट घालायचे, कारण बूट चढवले की कोणाचं लक्ष राहत नाही. मोठी आता धाकटीची वेणी घालते. वाकडी घालते, पण घालते. तुझा नवरा भांडी घासतो आणि चांगली घासतो. हे त्याला सांगू नकोस, डोक्यावर चढून बसेल.

संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थनाही मी वळणावर आणली. तुमच्याकडे ती इतकी लांबायची, की आमेन म्हणेपर्यंत आपली धाकटी भिंगरी टेबलावर डोकं ठेवून झोपलेली असायची. मी वसतिगृहाचा नियम लावला. पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचायचा, एक गीत म्हणायचं आणि प्रत्येकाने देवाकडे एकच मागणं मागायचं. तिकडे एवढ्या पोरी सगळं सगळं मागत बसल्या असत्या तर जेवण निवून दगड झालं असतं, म्हणून तो नियम होता. इथे जेमतेम चार माणसं, पण माझी खोड जात नाही. नियम झकास चालला. मुलींची झोप पुरी व्हायला लागली आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झाले.

हे सगळं खरं आहे. पण मी नुसत्या घिरट्या घालतेय, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलंच असेल.

भिंगरी शाळेत बाकावर बसत नाही.

मला तिच्या वर्गशिक्षिकेने बोलावून घेतलं. बाई समजूतदार आहेत. म्हणाल्या, "नव्या वर्गात तिला तिच्या मैत्रिणीशेजारी जागा मिळाली होती. दोघी भलत्या खूश. दुसऱ्या दिवशी ही आली ती थेट मागे भिंतीशी जाऊन जमिनीवर बसली. मी रागावून पाहिलं, चुचकारून पाहिलं. 'ती जागा माझी नाही' एवढंच म्हणते." मी म्हटलं, मैत्रिणीशी बिनसलं असेल. तर बाई म्हणाल्या, "अहो, ती बिचारी रोज अर्धा बाक मोकळा सोडून बसते."

घरी आणल्यावर मी रीतसर उलटतपासणी घेतली. काडीचा उपयोग झाला नाही. तोंड मिटून बसली की पोरगी हुबेहूब तुझ्यासारखी दिसते. शेवटी मी तो नाद सोडला, मटार सोलायला घेतले आणि काही शेंगा तिच्या पुढ्यात टाकल्या. हात कामात असले की पोरी बोलतात, हा माझा अनुभव आहे. सोलता सोलता खाली मान घालून तिने विचारलं, "आत्या, देवाने दिलेलं परत केलं तर तो घेतो का गं?"

"काय परत करायचंय तुला?"

"बाक."

मग सगळं बाहेर आलं. ती रोज "आईला बरं कर" एवढंच मागायची. वर्गात जागा ठरायच्या आदल्या संध्याकाळी मात्र तिने मनातल्या मनात मैत्रिणीशेजारचा बाक मागितला. मागणं एकच, आत्याचा नियम! सकाळी बाक मिळाला. नाचत नाचत घरी आली, तर तुझा नवरा फोनवर डॉक्टरांशी बोलत होता. गाठ वाढलीय, आता ऑपरेशन करावंच लागेल, ते तिने दारात उभं राहून ऐकलं.

"मी आईला सोडून बाक मागितला," ती म्हणाली. "म्हणून देवाने बाकच दिला."

मला स्वतःचा इतका संताप आला गं, की वाटलं आपली आपण थोबाडीत मारून घ्यावी. देवापुढे बोलायला पोरांना माप लावून देणारी मी कोण टिकोजीराव? मी तिला पोटाशी धरलं आणि रडले. तिच्यासमोर रडले. तिला सांगितलं, गाठ आधीपासूनच वाढत होती, तुझ्या बाकाचा तिच्याशी काही संबंध नाही. देव असा एक देऊन दुसरं काढून घेत नाही. नियम आत्याचा होता आणि तो मूर्खपणाचा होता. त्याच संध्याकाळपासून मी तो मोडून टाकला. सगळ्यांनी पोटभर मागितलं. भिंगरी डोळे मिटून गप्प बसली.

चर्चचे पाळकसाहेब येऊन गेले. त्यांनी फार मायेनं समजावलं. ती मान डोलावते, हो म्हणते आणि शाळेत जाऊन जमिनीवर बसते. काल मी हात टेकले. म्हटलं, "बये, आता कोणी सांगितलं म्हणजे पटेल तुला?" तर म्हणाली, "मी बाक मागितला ते आईला माहितीय का?"

तू म्हणालीस, मुलींना दवाखान्यात आणायचं नाही. केस गेलेत, नळ्या लावल्यात, बघून घाबरतील, शाळा बुडेल. मी ऐकलं. खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचं होतं, घर सुरळीत चाललं होतं. पण आईला न बघता राहणाऱ्या पोरी मी जन्मभर सांभाळल्यात. त्या मनात जे रंगवतात ते खऱ्यापेक्षा कितीतरी भयंकर असतं.

आणि आता जे टाळत आले ते लिहिते. ऑपरेशन पुढच्या सोमवारी आहे. तू बरी होऊन घरी यावंस हेच मी उठता-बसता मागते. पण प्रभूच्या मनात दुसरं काही असलं, तर? तर ही पोरगी म्हातारी होईपर्यंत म्हणत राहील, की मी बाक मागितला म्हणून आई गेली. मग तिची समजूत घालणारं या जगात कोणी उरणार नाही. मला याची भीती वाटते. तुझ्या ऑपरेशनपेक्षा जास्त वाटते, रागावलीस तरी चालेल.

म्हणून शुक्रवारी शाळा बुडवून मी दोघींना घेऊन येतेय. विचारत नाहीये, सांगतेय. डोक्याला रुमाल बांधायचा तर बांध, नाही बांधलास तरी त्या तुला ओळखतील. रडू आलं तर त्यांच्यासमोरच रड. भिंगरीला जवळ घेऊन बस आणि घाई करू नकोस, ती लगेच बोलणार नाही. बोलेल तेव्हा "काही नाही गं वेडे" म्हणून उडवून लावू नकोस. तिचं सगळं ऐकून घे आणि मग सांग, की तिच्या जागी तू असतीस तर तूही तो बाकच मागितला असतास.

तिची काही चूक नाही हे मी तिला शंभरदा सांगेन. पण तिला माफी तुझ्याकडूनच हवी आहे, आणि तू अजून आहेस.

येतो आम्ही.

तुझी ताई