सावलीत वाळवलेली माती

सर, आज आपल्या प्रयोगशाळेत दूध गोठलं. सातव्यांदा, त्याच चिमूटभर मातीवर. सुट्ट्या लागल्यात; नांदेडच्या या इमारतीत सध्या मी आणि खालचा वॉचमन एवढेच. सवयीनं तुमच्या खुर्चीकडं बघितलं. तिच्यावर आता उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात.

तो उन्हाळा आठवतो. तुम्ही कच्च्या पपईला ब्लेडनं चिरा देता, मी खाली वाटी धरतो, पांढरा चीक टपटप पडतो. त्यातलं विकर, म्हणजे एन्झाइम, दूध गोठवतं, पण पाण्यात कालवलं की चार दिवसांत त्याचा जोर संपतो. तेच मातीच्या कणांना चिकटवलं तर टिकेल, गाळून पुन्हा पुन्हा वापरता येईल, असं तुमचं म्हणणं. माती तुम्ही लातूरजवळच्या मुरुडच्या तुमच्या शेतातून तुपाच्या रिकाम्या डब्यात आणलेली. शेजारचे सर हसायचे, "माती इकत न्हाई का मिळत?" "मिळती की," तुम्ही म्हणायचात, "पण ही काळी माती बुटाला लागली तर घरापर्यंत येती. चिकाला सोडंल व्हय?" बारावी नापास मदतनीस असलेल्या मला तुम्ही नोंदवही दिलीत, कारण माझ्या लिहिण्यात चूक सापडत नव्हती. "तू लिवलेलं मी तपासत न्हाई, नुसती सही करतो." त्या वाक्यावर मी कित्येक दिवस जगलो.

"चीक लावलेली माती सावलीत वाळव," असं सांगून तुम्ही दोन दिवस लातूरला गेलात. मला बुरशीची धास्ती. दर तासाला झाकण उचलून बघायचो. शेवटी माती ओव्हनमध्ये ठेवली, काटा शंभराच्या पुढं. एवढ्या उष्णतेत विकर मरतं हे मला ठाऊक होतं, सर. पण त्या वेळी डोळ्यांपुढं फक्त बुरशी होती.

तुम्ही आलात, आणि दूध तसंच पातळ राहिलं. परीक्षानळी तिरपी करून तुम्ही बराच वेळ बघत होता. "वाळवली कशी?" "सावलीत, सर." वहीतही तसंच लिहिलं होतं, सुवाच्य. तुम्ही खाली सही केलीत, डब्याचं झाकण लावलं. "मग आपलंच गणित चुकलं, बाबा." रागावला असतात तर खरं बोललो असतो. पावसाळा संपायच्या आत तुम्ही कायमचे गेलात.

डबा मी कुणाला फेकू दिला नाही. यंदा नवा चीक लावून त्यातली उरलेली माती खरंच सावलीत वाळवली, तीन दिवस, शेजारी स्टुलावर बसून. आता गाळतो, धुतो, पुन्हा दूध घालतो, पुन्हा गोठतं. तुमचं गणित बरोबर होतं. हे मुरुडला पाठवणार होतो, पण तुमच्या मागं काकू लेकीकडं राहायला गेल्या, घराला कुलूप आहे. म्हणून हा कागद त्या वहीतच ठेवतोय, तुमच्या सहीच्या पानात. तिथं आज 'सावलीत' खोडून 'ओव्हनमध्ये' लिहिलं. दुरुस्ती केली की बाजूला सही करायची, हे तुम्हीच शिकवलेलं. ती मात्र अजून केलेली नाही.