बारीक फिल्मचा कॅमेरा

परभणी,
कार्तिक वद्य ४, शके १८६०

चि. दिनकर यास कावेरीताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि कॅटलॉग पोचला. आम्ही सगळे खुशाल. तू दोन ओळी लिहितोस, त्यातली एक कुशल विचारण्यात जाते. मुंबईत शाई महाग आहे का?

कॅटलॉग इंग्रजीतला. हे अदालतीतून आले की मी समोर धरते आणि अर्थ विचारते. पक्षकार ओसरीवर ताटकळतात. परवा हे म्हणाले, "एवढे प्रश्न तर मुन्सफही विचारत नाहीत."

कॅमेरा कशासाठी ते पुन्हा लिहिते, म्हणजे निवडताना ध्यानात राहील. सुनेत्राला सॅनिटोरियमात जाऊन सव्वादोन वर्षं झाली. गेली तेव्हा बन्सी चार वर्षांचा, कमल आठ महिन्यांची. लेकरांना तिथं नेऊ देत नाहीत. अनंतराव बिचारे चुडाव्याच्या स्टेशनावर एकटे, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. म्हणून दोघं माझ्याकडे. गेल्या महिन्यात इथल्या फोटोवाल्याकडून फोटो काढून बहिणीला पाठवला. तिनं उलट लिहिलं, "ताई, कमल बाहुलीसारखी बसलीय गं. ती चालते कशी?"

तेव्हापासून मला चैन नाही. कमल डावा पाय जरा आत टाकते, घाईत असली की दोन्ही हात मागं धरते. हे पत्रात लिहिलं, पण लिहून काय दिसतं?

तिथल्या डॉक्टरांकडे पडद्यावर सिनेमा दाखवायचं यंत्र आहे, रोग्यांना ते कधीमधी दाखवतात. ते रुंद फिल्मचं आहे, असं सुनेत्रानं विचारून कळवलंय. तेव्हा आपणही रुंद फिल्मचाच कॅमेरा घ्यावा. पण तो वजनाला किती? एकदा चावी दिली की किती वेळ चालतो? कमल एका जागी ठरत नाही. अंगणातल्या उन्हात भागेल का, की दिवे लागतात? दिवे लागत असतील तर आमच्या गल्लीत वीज नाही. आणि मनमाडच्या पुढं करोडगिरीवाले जकातीसाठी पेटी उघडून बघतात, तेव्हा आत काय आहे ते वर स्पष्ट लिही.

बन्सीला वाटतं कॅमेरा म्हणजे बंदूक. रोज विचारतो, आली का.

तुझी,
ताई

परभणी,
मार्गशीर्ष शुद्ध ११

चि. दिनकर यास आशीर्वाद.

घाईत लिहिते आहे. रुंद फिल्मचा कॅमेरा अजून घेतला नसलास तर घेऊ नकोस. बारीक फिल्मचा घे. कॅटलॉगात बारावं पान, वरून दुसरा. तो हलका आहे, माझ्या हातात मावेल. ह्यांना कुठली फुरसत? मलाच चालवायला लागणार. त्याच पानावर हातानं फिरवायचं लहान यंत्र आहे, मोटारीच्या बॅटरीवर भिंतीवर चित्र दाखवतं. तेही पाठव. बॅटरीची तजवीज हे करतील.

सुनेत्राचं पत्र आलं होतं. बरी आहे.

इथं थंडी पडली. कमलला सर्दी झाली होती, उतरली. आता ती सबंध वाक्यं बोलते. आमच्या बायनाबाई भांडी घासताना तिच्याशी गप्पा मारतात, तर त्यांच्यासारखीच बोलायला शिकलीय. काल ह्यांना म्हणाली, "काका, मी जेवायलेय, तुमी गप बसा." बायनाबाई पदराआड हसल्या. मग मला म्हणाल्या, "बाई, लेकरू तुमालाच आई म्हनायलंय. खऱ्या आईला काय म्हनंल?" मी त्यांना वाळवण आत घ्यायला पाठवलं.

लिहिता लिहिता दोनदा उठले. एकदा कमल पडली म्हणून, एकदा उगीच.

फिल्म किती वर्षं टिकते, ते विचारून कळव. दहा वर्षांनी लावली तर दिसेल ना? वीस वर्षांनी? दुकानदार हसला तर हसू दे, पण विचार. उशीर करू नकोस. संक्रांतीच्या आत सगळं इथं पोचायला हवं.

ताई

परभणी,
पौष शुद्ध २

चि. दिनकर,

तुझं पत्र मिळालं. तू एकच प्रश्न विचारलास. डॉक्टरांचं यंत्र रुंद फिल्मचं, मग बारीक फिल्म सुनेत्रा बघणार कशावर?

ते पत्र मी चार दिवस देवघरात ठेवलं. ह्यांनाही दाखवलं नाही. तुला काय उत्तर द्यायचं ते रोज ठरवायची. डॉक्टर दुसरं यंत्र घेणार आहेत, असंही एकदा लिहून काढलं. मग फाडलं.

ती बघणार नव्हती, दिनकर. मी बघणार होते.

मार्गशीर्षाच्या सुरुवातीला सुनेत्राचं जे पत्र आलं त्यात तिनं लिहिलं होतं की डॉक्टरांनी तिला बरी ठरवलंय, संक्रांत झाली की घरी जा म्हणतात. ही बातमी तिनं नवऱ्याला आधी कळवली नाही, मला कळवली. लिहिलं होतं, "ताई, तू सांगशील तेव्हा येईन. लेकरं तुझ्या अंगाखांद्यावरची झालीत. त्यांना तोडून न्यायचा मला हक्क आहे की नाही, कळत नाही."

मी त्याच दुपारी उत्तर लिहिलं. परभणीत तापाची साथ आहे, लेकरांना खोकला आहे, तुझी प्रकृती नाजूक, उन्हाळ्यापर्यंत तिथंच राहा. साथ नव्हती. सर्दी कमलला नंतर झाली. अक्षर इतकं नीट आलं होतं की माझं मलाच नवल वाटलं. ते पत्र मी स्वतः जाऊन पेटीत टाकलं, कुणाहाती दिलं नाही.

तिचं उत्तर आलं, "ताई म्हणेल तसं." एवढंच.

बरी झालेली बाई माझ्या शब्दावर रोग्यांत पडून राहिली. आणि मी इथं कॅटलॉग चाळत होते. उन्हाळ्यात का होईना ती येईलच, लेकरं जातीलच. तोवर जमतील तेवढ्या फिल्मा भरून ठेवायच्या आणि मग भिंतीवर बघायच्या, असं माझं चाललं होतं. संक्रांतीचा धोशा लावला तो भीतीनं, तिनं माझं न ऐकता निघून यायचं ठरवलं तर म्हणून.

रविवारी अनंतराव आले. बन्सीला मांडीवर घेऊन बराच वेळ त्याच्या पाढ्यांची उजळणी घेतली. जेवले. कमल त्यांच्याजवळ जाईना, माझ्या पाठीमागं लपली, तेव्हा त्यांनी तिला बोलावणंही सोडून दिलं. निघताना मी पाणी द्यायला गेले तर पेला हातात धरून उभे राहिले. म्हणाले, "ताई, सुनेत्रानं मला साथीचं लिहिलंय. मी दवाखान्यात विचारलं. साथ न्हाई."

मी तांब्या खाली ठेवला.

"मी तिला हे कळवलं न्हाई," ते म्हणाले. "तुम्ही लेकरं वाचवलीत. मी कळवणं बरं न्हाई. तुम्हीच कळवा."

पाणी प्यायले आणि गाडीला गेले. आवाजसुद्धा चढला नाही. मला ओरडले असते तर मी भांडले असते रे. पोरं तुमची, पण आजारपणं कुणी काढली, असं काहीतरी बोलून बसले असते. त्यांनी मला बोलायला जागाच ठेवली नाही.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून हे अंगणात फेऱ्या घालत राहिले. मग आत आले आणि म्हणाले, "मलाही लेकरं गेलेली बघवणार नाहीत. पण पत्र आजच लिही." मी लिहिलं. सुनेत्राला खरं ते सगळं लिहिलं, साथ नव्हती हेही. ती मला माफ करील की नाही, ठाऊक नाही. काल पत्र गेलं.

आता कॅमेऱ्याचं. घरी दाखवायचं ते लहान यंत्र नको. कॅमेरा रुंद फिल्मचा घे आणि लगेच पाठव. सुनेत्रा येण्याआधी एक फिल्म तिच्यापर्यंत पोचवायची आहे. त्यात कमल माझ्या पदराला धरून असेल, मला आई म्हणताना तिचे ओठ दिसतील. आवाज नसला तरी सुनेत्राला कळेल. ते तिला आधीच दिसलेलं बरं. गाडीतून उतरल्यावर एकदम नको. म्हणून मी चित्रातून बाजूला होणार नाही. हे कॅमेरा धरतील. ती फिल्म गेली की कॅमेरा चुडाव्याला पाठवून देणार. पुढं लेकरांना टिपायचं ते त्यांनी. चुडावा काही लांब नाही, असं हे दिवसातून चारदा म्हणतात.

कालपासून मी कमलला शिकवायलेय की मला मावशी म्हण. तिला तो खेळ वाटतो. मावशी म्हणते, हसते, आणि पुन्हा आई म्हणून हाक मारते. आज सकाळी न्हाणीतून आई, आई म्हणून हाका मारत होती. मी दाराबाहेरच उभी होते. पाचव्या हाकेला ओ दिली.

बन्सी आणि कमलची मावशी,
कावेरी