बिनफुंकीचं क्लॅरोनेट

२ नोव्हेंबर
वरचे सगळे दात काढले. तोंडात कापूस. डॉक्टरला कागदावर लिहून विचारलं, क्लॅरोनेट कधी फुंकू? म्हणाला, "आता विसरा. कवळी बसेल, पण तशी पकड येणार नाही." आरं, तुळशीचं लग्न लागलं की वराती सुरू! बँडमालक मल्लूशेठला काय सांगू?

४ नोव्हें.
दुपारी पडलो होतो, एकदम क्लॅरोनेट वाजलं. ताडकन उठलो. माझं तर पेटीत बंद! बघतो तर सूनबाई, सुनीता. बालवाडीच्या गॅदरिंगसाठी शिकायचा कीबोर्ड आणलाय. नंबर दाबला की पायजे ते वाद्य. "मामा, हे बघा, बासरी. ही सनई." फुंक न्हाय, थुंकी न्हाय. अंगावर काटा आला.

६ नोव्हें.
शब्बीर आला, आमचा ढोलवाला. सुनीतानं ऱ्हिदमचं बटण दाबलं. ढोल, झांज, सगळं आपोआप. हात काढला तरी चालूच! एंडिंगचं बटण दाबलं की झोकात थांबतंय. शब्बीर हसला, "मास्तर, ये डब्बा तो अपने कू घर बिठाता." चहा तसाच ठेवून गेला.

८ नोव्हें.
मल्लूशेठ. "गाड्यावर कीबोर्ड ठेवू, बॅटरी जोडू. तुमीच वाजवा की मास्तर! न्हायतर सात रस्ता चौकातला एक कीबोर्ड वाजवणारा तयार हाय." तोंडावर! इतकी वर्षं नवऱ्याच्या घोड्याम्होरं मी चाललो, आन आता...
रागानंच शिकायला बसलो.

१० नोव्हें.
कीबोर्ड बँडच्या तालमीला नेला. कॉर्नेटबरोबर जुळंचना, कान किटले. बोटं तीच, पण सूर चढा. क्लॅरोनेटचा सा ह्याच्या 'सा'पेक्षा खाली, हे ध्यानातच न्हाय! घरी सुनीतानं सूर चढवायचं-उतरवायचं बटण, ट्रान्सपोज, दोन घरं उतरवलं. बसलं की बरोबर. एका बटणात? हात टेकले.

११ नोव्हें.
तिनं रेकॉर्ड दाबलं, मी वाजवलं, मग ऐकलं. सूर, मग गप. परत सूर, परत गप. "बिघडलं काय गं?"
"न्हाय मामा. तुमी तितं श्वास घेताय."
मी? बोटांनी? परत लावायला सांगितलं. व्हय. जितं दम घ्यायचो, नेमकं तितंच बोटं उचललेली.

१२ नोव्हें.
मल्लूनं ऐकलं. "मदी मदी तुटतंय. नाचणारे थांबतील. सलग पायजे, न्हायतर त्या दुसऱ्याला बोलावतो."
संध्याकाळी सलग वाजवलं. लई झकास. आन डोळ्यापुढं अंधारी! सुनीता वरडली, "मामा, श्वास घ्या की!" दम धरून वाजवत होतो. सूर चालू असताना श्वास घ्यायचा असतोय, हे ह्या देहाला ठावंच न्हाय.

१५ नोव्हें.
जमलं. सुनीता म्होरं बसून "घ्या... घ्या" म्हणती, मी घेतो, सूर तुटत न्हाय. ऐकून मलाच कळंना कोण वाजवतंय.
मल्लू खूश. पहिली वरात पक्की, वाजवणार मीच. जीव भांड्यात पडला. तर जाता जाता म्हणतो, "ढोल तर ह्यातच हाय. शब्बीरला कशाला आणायचं?"
व्हय-न्हाय काहीच बोललो न्हाय. लाज वाटली.

१६ नोव्हें.
शब्बीरला आपणच सांगावं म्हणून बोलावलं. आधी वाजवून दाखवलं. सलग. त्यानं मान हलवत ऐकलं. संपल्यावर म्हणाला, "अच्छा है. पर तुम सांस लेते थे ना मास्तर, वहां मैं तुकडा मारता था. अब किधर मारूं?"
इतकी वर्षं एकत्र वाजवलं, आन हे मला ठाऊकच न्हाय! मला वाटायचं, मी थांबतो तवा सगळंच थांबतं. लोक तर ढोलाच्या त्या तुकड्यावरच उड्या मारायचे.
मल्लूचं काही सांगितलं न्हाय त्याला.

१७ नोव्हें.
उद्या वरात. सकाळपासून दोन्ही तऱ्हांनी वाजवून बघतोय, सलग आन तुकड्याला जागा ठेवून.
शब्बीरला निरोप धाडलाय, ढोल घेऊन ये. मल्लूला कळवलेलं न्हाय.