टॉवरचा मोठा भाऊ

३ ऑगस्ट, सकाळ
आजपासून बास्केटबॉलचा सीझन. संकल्प: पहाटे उठणे. डावा हात सुधारणे. पहिल्या पाचात कायम होणे. गेल्या वर्षी दोन मॅच मी पहिल्या पाचात होतो. आमच्या उंच खेळाडूला तेव्हा कावीळ झाली होती, पण तो मुद्दा नाही. तो आता पास होऊन गेला. जागा रिकामी आहे आणि ती माझ्या मापाची आहे. वडील शिंपी आहेत. माप म्हणजे काय ते मला कळतं.
पहाटेचं उद्यापासून.

५ ऑगस्ट
धाकट्याला आमच्याच कॉलेजात ॲडमिशन मिळाली. चांगलं झालं. टीमच्या ट्रायलला येऊ का, विचारत होता. मी म्हटलं, ये, बघून तरी जा. त्याला खेळ मीच शिकवला, गल्लीच्या टोकाला भिंतीत ठोकलेल्या लोखंडी कड्यावर. तेव्हा तो माझ्या खांद्याला लागायचा. आता मी त्याच्या खांद्याला लागतो. हे कधी झालं मला कळलं नाही. वडिलांना कळलं. त्यांनी यंदा पुन्हा त्याच्या पँटची खालची दुमड उसवून सोडली. माझ्या पँटच्या दुमडी दहावीपासून शाबूत आहेत. माझ्या पँट मुळातच नीट शिवलेल्या आहेत.

७ ऑगस्ट
ट्रायल. धाकट्याने बॉल रिंगमध्ये टाकला नाही. ठेवला. आई फळीवर डबा ठेवते तसा. मग बुटका ओरडला, अरे हा माणूस आहे का टॉवर! बुटका म्हणजे आमचा कॅप्टन. तो स्वतःलाही बुटकाच म्हणतो. झालं, नाव पडलं. टाळ्या सगळ्यांत आधी मी वाजवल्या. ते कोणी पाहिलं नाही.
उंची म्हणजे कौशल्य नव्हे. जिराफही उंच असतो. त्याला कोणी टीममध्ये घेत नाही.

८ ऑगस्ट
धाकट्याला टीममध्ये घेतलं.

१२ ऑगस्ट
तो मला कोर्टवरही दादा म्हणतो. त्यामुळे आता सगळी टीम दादा म्हणते. आज सरसुद्धा म्हणाले: दादा, ते बॉल आत नेऊन ठेव. आदर असा नकळत वाढत असतो.

१४ ऑगस्ट
दाराच्या चौकटीला लोंबकळलो. उंची वाढते म्हणतात. चौकट निघाली. वडिलांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, वाळवी असावी.

१६ ऑगस्ट
सरांनी पहिले पाच सांगितले. माझ्या जागी धाकटा. म्हणजे जागा माझीच आहे, तिथे तो आहे.
सरांना केबिनमध्ये भेटलो. केबिन म्हणजे फाटक्या जाळ्या, हवा भरायचा पंप आणि एक खुर्ची. सर म्हणाले, तुला मी राखून ठेवलंय. मी विचारलं, कशासाठी? सरांनी पंप उचलून कोपऱ्यात ठेवला. मग म्हणाले, वेळेसाठी.
राखून. माणूस काय राखून ठेवतो? चांगली वस्तू. आईने काचेचे ग्लास राखून ठेवले आहेत. त्यातून कोणी पाणी प्यायलेलं मी पाहिलेलं नाही, पण घरात सगळ्यांत जपतात ते त्यांनाच.

२० ऑगस्ट
पहिली मॅच. जिंकलो. धाकट्याचे बावीस पॉईंट. मी राखून होतो. वॉर्मअपला माझा एकही शॉट चुकला नाही.
आईने त्याला आग्रह करकरून वाढलं. मी म्हटलं, मीही होतो. ती म्हणाली, हो रे, तूही घे की. त्या 'ही'चा मी बराच वेळ विचार केला. वडील मशीनवरूनच म्हणाले, आपलाच आहे तो, आपल्याला कौतुक नको? मी म्हटलं, आहेच.
आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. पण दोघेही आपलेच असले की एकाला कार्टं व्हावं लागतं, हे म्हण करणाऱ्याने सांगितलेलं नाही.

२४ ऑगस्ट
मत्सर वाईट. मला तो नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.
कॅन्टीनवाल्याने आज विचारलं, तू टॉवरचा भाऊ ना? दोन वर्षं मी त्याच्याकडे चहा पितोय. मी म्हटलं, तो माझा भाऊ आहे. तो म्हणाला, तेच ते. मी म्हटलं, तेच ते नाही. तो म्हणाला, बरं, साखर?

२५ ऑगस्ट
कॉलेजच्या बोर्डावर मॅचचा फोटो लागला. धाकटा हवेत. मागे बाकावर एक कोपर दिसतं. ते माझं आहे. दोघांना दाखवलं. एकाला पटलं.

२७ ऑगस्ट
दुसरी मॅच हरलो. टीमसाठी फार वाईट वाटलं. पोटभर जेवलो.

२९ ऑगस्ट
मोठ्या भावाच्या नात्याने धाकट्याला सल्ला दिला. पाच फाऊल झाले की खेळाडू मॅचमधून बाहेर जातो. धाकटा फाऊलला भितो. म्हटलं, फार जपून खेळतोस तू. घुसत जा. अंगावर जा. पोरींसारखा लाजतोस काय? तो म्हणाला, खरंच दादा? मी म्हटलं, खरंच.
यात माझा काही हेतू नाही. कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

२ सप्टेंबर
तिसरी मॅच. धाकटा घुसत गेला. फाऊल समोरच्यांचे झाले. त्यांचे दोघे बाहेर गेले. धाकट्याचे एकतीस पॉईंट. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे कोणी शिकवलं तुला? तो म्हणाला, दादाने. सर म्हणाले, शाब्बास दादा, तू बाकावर असलास की टीमला किती फायदा होतो बघ.
कौतुक आहे. मनातल्या मनात दोन-तीनदा म्हणून पाहिलं. कौतुकच आहे.

५ सप्टेंबर
सरांच्या कानावर घातलं की धाकट्याचा अभ्यास मागे पडतोय, घरी सगळे काळजीत आहेत, टूर्नामेंटला त्याला विश्रांती दिली तर बरं होईल. सरांना भरून आलं. म्हणाले, असा भाऊ नशिबाने मिळतो. आजपासून तूच त्याचा अभ्यास घे.

६ सप्टेंबर
अभ्यास घेतला. त्याने माझी दोन गणितं दुरुस्त केली. नम्रपणे. नम्रपणा हा त्याचा सगळ्यांत वाईट गुण आहे.

९ सप्टेंबर
टूर्नामेंटचा ड्रॉ निघाला. पहिलीच मॅच गेल्या वर्षीच्या विजेत्यांशी. हरलो की घरी. माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष. ही मॅच खेळलो नाही तर मग कुठली?
म्हणजे सरांनी मला याच मॅचसाठी राखलं होतं. आता सगळं जुळलं. विजेत्यांनी धाकट्याचा अभ्यास केला असणार. माझा करायला त्यांच्याकडे काहीच नाही. यंदा मी एकदाही खेळलेलो नाही, हेच माझं हत्यार.
वडिलांना यंदाची जर्सी थोडी आत घ्यायला सांगितली. त्यांनी ती उजेडात धरली. म्हणाले, ही तर कोरी आहे रे, टाक्याला घामसुद्धा लागलेला नाही. शिंप्यांना बोलायचं भान नसतं.

१२ सप्टेंबर
आईला मॅच बघायला यायचं होतं. ती दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर असते. डॉक्टर म्हणाले, शनिवारी कवळ्यांची गर्दी आहे. आई हळहळली. मला म्हणाली, तुम्ही दोघांनी घरी येऊन सगळं नीट सांगायचं. मी म्हटलं, यंदा सांगण्यासारखं असेल. ती म्हणाली, हो ना, किती छान खेळतो तो.

१४ सप्टेंबर, सकाळ
आज. मन शांत. धाकट्याला म्हटलं, काही कमी-जास्त झालं तर मी आहे. तो म्हणाला, माहीत आहे दादा. बूट पुसत होता. त्याचे पुसून झाल्यावर माझेही पुसले. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

१४ सप्टेंबर, संध्याकाळ
घडलं ते क्रमाने लिहितो, म्हणजे गैरसमज राहणार नाही.
शेवटचा क्वार्टर. आम्ही एका पॉईंटने पुढे. फार वेळ उरलेला नाही. धाकट्याचा पाचवा फाऊल. तो बाहेर. मला आनंद झाला नाही. मी उभा राहिलो, शिट्टी वाजायच्या जरा आधी, इतकंच.
सरांनी बाकावरून नजर फिरवली. एकाचा घोटा सुजलेला. नजर माझ्यापाशी आली. परत त्या घोट्याकडे गेली. मग माझ्याकडे. म्हणाले, जा दादा. आणि हे बघ, काही करू नकोस. म्हणजे दडपण घेऊ नकोस.
त्यांचा फ्री थ्रो चुकला आणि बॉल त्यांच्याच हाताला लागून बाहेर गेला, म्हणजे बॉल आमचा. बुटक्याने लाईनबाहेरून आत दिला, मला. माझ्याजवळ कोणीही नाही. समोरची टीम मागे हटली. धाक. आमची टीम दुसऱ्या टोकाला पळाली. मला जागा करून द्यायला. आणि माझ्यासमोर बास्केट. वॉर्मअपला याच बास्केटमध्ये मी ओळीने शॉट घातले होते. हाफटाईमनंतर टीम बाजू बदलतात, हे मला माहीत आहे. पण बाक आपल्या जागीच राहतो, आणि मी बाकावर होतो.
बाकावरून धाकटा जिवाच्या आकांताने ओरडत होता. दादा, आपलं बास्केट! दादा, ते आपलं बास्केट! आता आमच्या टीममध्ये ज्यात बॉल टाकायचा ते आपलं बास्केट आणि जे समोरच्यांपासून सांभाळायचं तेही आपलंच. सर दोन्ही बास्केटना तेच म्हणतात. आजवर कोणाचं अडलं नाही. मला वाटलं, भाऊ पाठीशी उभा आहे. डोळे भरून आले. तशात नेम धरला. टाकला.
सुंदर गेला. रिंगला लागलासुद्धा नाही. फक्त जाळी हलली.
बुटका होता तिथेच खाली बसला. मग समोरची टीम एकमेकांना मिठ्या मारू लागली, तेव्हा मला थोडं खटकलं.
रेफरी धावत आला. नियम असा आहे, आणि तो मला नंतर कळला: बॉल चुकून स्वतःच्या बास्केटमध्ये गेला तर समोरच्यांना दोन पॉईंट. म्हणजे आम्ही मागे. मुद्दाम टाकला तर ते पॉईंट बाद, नुसता बॉल समोरच्यांना. रेफरीने मला विचारलं, चुकून गेला का रे?
हे मला लागलं. सबंध सीझनमधला माझा पहिला शॉट, तोही असा, आणि हा गृहस्थ त्याला तुक्का म्हणतो. मी म्हटलं, चुकून? नेम धरून टाकलाय. ठरवून. हवं तर परत टाकून दाखवतो.
त्यांचे सर ओरडले, अहो, कोणी मुद्दाम टाकेल का? मी म्हटलं, मी टाकेन. रेफरीने शिट्टी वाजवली आणि पॉईंट बाद केले.
पुढे त्यांचे दोन शॉट चुकले. वेळ संपली. एका पॉईंटने जिंकलो.
मला खांद्यावर घेतलं. चौघांनी. त्यात धाकटा होता, त्यामुळे मी एका बाजूला उंच आणि बाकी तिरपा. सगळे हसत होते, बुटक्याच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. विजयाचा आनंद असतो. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, ताप बघतात तसा.
नंतर स्कोअरशीट बघून आलो. माझ्या नंबरपुढे काही नाही. त्यांच्याही कोणापुढे नाही. तो शॉट कुठेच नाही.

१५ सप्टेंबर
घरी सांगायची हकिगत मी बसमध्ये तयार केली होती. तीत एक बास्केट होतं आणि बाजूचा उल्लेख नव्हता. धाकटा शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होता. तो काय सांगणार ते मला कळत नव्हतं. विचारायचं कसं, तेही.
आईने दार उघडताच विचारलं, काय झालं? धाकटा आधी बोलला. म्हणाला, दादामुळे जिंकलो. मी पाच फाऊल करून बाहेर बसलो होतो. शेवटी बॉल दादाकडे होता. रेफरीने विचारलं, दादाने खरं ते सांगितलं, म्हणून मॅच आपली झाली.
एवढंच. आईने माझ्या गालाला हात लावला. वडिलांनी मशीन थांबवलं आणि बाहेर आले. मला आधी वाढलं. मी धाकट्याकडे बघितलं, थट्टा करतोय का. नव्हता करत. खाली मान घालून जेवत होता, गुडघे टेबलाला लागू नयेत म्हणून आडवा बसून. शब्द न् शब्द खरा होता. माझ्या हकिगतीपेक्षा चांगला होता.
मी उलटं करून पाहिलं. तो शॉट त्याने टाकला असता, तर मी जिन्यातूनच ओरडत आलो असतो.
पुढच्या मॅचचे पाच लागलेत. बदल नाही. आत्ता तो दारात बूट घालून उभा आहे. दादा, येतोस ना, म्हणतो.
म्हटलं, तू हो पुढे.